चाळीतला चॅम्पियन आणि मानांकनाचा आकडा

नमस्कार, श्रोतेहो. गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा बुद्धिबळात कुणालाच हार जात नसत. संध्याकाळी गॅलरीत सतरंजी पडली की पट मांडला जाई. आम्हा पोरांना वाटे, अख्ख्या मुंबईत अण्णांच्या तोडीचं कुणी नसेल. पण अण्णा चाळीबाहेर कधी खेळलेच नव्हते.

बुद्धिबळात सत्तरच्या दशकातला अमेरिकन जगज्जेता फिशर मोठा की आपल्या काळातला नॉर्वेचा कार्लसन, हा वाद कानावर आला की मला अण्णा आठवतात. अर्पाड एलो हे अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, मूळचे हंगेरीचे. खेळाडूची ताकद आकड्यात मांडणारी त्यांची मानांकनपद्धत १९७० साली फिडेने, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, स्वीकारली. मानांकनात २०० ने वरचढ असलेल्याने शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत (विजयाचा एक, बरोबरीचा अर्धा), असा तिचा हिशेब. म्हणजे तो आकडा समोर बसणाऱ्यांपासूनचं अंतर सांगतो. खेळ किती खोल, हे तो सांगतच नाही.

१९७२ मध्ये मानांकनाच्या यादीत फिशर २७८५ वर होता आणि दुसरा, स्पास्की, २६६० वर. अंतर १२५. मे २०१४ मध्ये कार्लसन २८८२, दुसरा आरोनियन २८१५. अंतर ६७. आकडा कार्लसनचा मोठा. पण आपल्या काळाच्या इतकं पुढे निघून जाणं मला फिशरचंच थोर वाटतं.

मग दोन काळ जोडायचे कसे? दीर्घकाळ खेळणाऱ्यांच्या हातांनी. पहिल्या जगज्जेत्या श्टाइनिट्झला १८९४ मध्ये हरवणारा लास्कर १९३६ मध्ये, पुढे जगज्जेता झालेल्या बोटविनिकसमोर बसला. बोटविनिक कोर्चनॉयशी खेळला. आणि त्याच कोर्चनॉयने २०११ मध्ये, वयाच्या ७९व्या वर्षी, जिब्राल्टरला आजच्या पिढीतल्या, अठरा वर्षांच्या कारुआनाला हरवलं! चार दुव्यांत एकोणिसावं शतक आपल्यापर्यंत येतं. मला तर हे आठवलं की अंगावर काटा येतो. अडचण एवढीच, की हे दुवे म्हातारे होत जातात. साठीतला लास्कर म्हणजे तिशीतला लास्कर नव्हे. त्यामुळे जुन्या खेळाडूंचे मागाहून काढलेले आकडे अंदाजच राहतात.

एकदा चाळीत दादरहून कुणाचे तरी पाहुणे आले. त्यांनी वजिराची अदलाबदल केली, हत्ती मोकळ्या पट्टीत आणला आणि अण्णांवर मात केली. आम्ही पोरं गप्प. अण्णांनी मात्र सोंगट्या पुन्हा लावता लावता विचारलं, "तुम्ही तिकडे कुणाकडून हरता हो?"