पेरूची कुंची

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात पेरू कापताना तुम्हीही एकदा तरी दचकला असाल. बाहेरून तुकतुकीत, वास घरभर, आणि सुरी आत गेली की पाणचट गरात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. आमच्या वाशीच्या रो-हाउसमागं एक पेरू आहे आणि एक हापूसचं कलम. कित्येक वर्षं माझी तीच गत. ताटलीत तिखटमीठ तयार आणि पेरू कचऱ्यात!

हा प्रताप फळमाशीचा. आकारानं घरातल्या माशीएवढीच, पण कमरेशी बारीक, अंगावर पिवळे पट्टे. छोटीशी गांधीलमाशीच वाटावी. पिकायला आलेल्या फळाच्या सालीत मादी सुईसारखी नळी खुपसते आणि आत अंडी घालते. वरून दिसतो तो टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात, गर खातात, फळ गळतं, अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि तिथूनच नव्या माश्या वर येतात. अळी गरात बसलेली असताना सालीवर फवारा मारून काय होणार? शिवाय नातवंडं झाडावरूनच तोडून खातात, त्या फळावर औषध मारायला माझा तरी हात धजत नाही.

मग झाडावरच्या फळांना पिशव्या बांधायला घेतल्या. समोरच्या वहिनी गेटातूनच म्हणाल्या, "भाऊ, नवस बोललात की काय झाडाला?" पहिल्या वर्षी मी फसलो. फळं रंग धरू लागल्यावर घाईघाईनं बांधली आणि पिशवी उघडली तर आत अळ्या सुखानं नांदतायत. माशी आधीच येऊन गेली होती. मी तिच्या पिल्लांना छप्पर घालून दिलं! पेरू लिंबाएवढा, टणक हिरवा असतानाच कुंची चढवायला हवी.

बांधण्याआधी फळ हातात घेऊन नीट बघा. देठाशी पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण असेल तर ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर तो आत दुप्पट माजतो. मुंग्यांची रांग असेल तर आधी ती हटवा. मग पिशवीचं तोंड देठाभोवती चुण्या घालून गोळा करायचं आणि सुतळीनं बांधायचं. फट राहू द्यायची नाही, पण देठही आवळायचा नाही. गाठ शक्यतो फांदीवर घ्या, म्हणजे भार देठावर येत नाही. पावसात कागदाचा लगदा होतो, त्यामुळे पेरूला कापडासारखी नॉन-वोव्हन पिशवी बरी. प्लॅस्टिक वापरलंच तर खाली भोकं पाडा, नाहीतर आत घाम धरून बुरशी येते. आणि पिशवीवर बांधल्याची तारीख लिहा. फळ दिसत नाही, आणि आपली स्मरणशक्ती, काय सांगायचं!

आंब्याला कागद चालतो, कारण तो उन्हाळ्यातला. कैरी कोंबडीच्या अंड्याएवढी झाली की साधारण 25 बाय 20 सेंटिमीटरची खाकी पिशवी घालायची. मे महिन्यात वळीव पडला की उघड्या आंब्यावर करप्याचे, म्हणजे एका बुरशीच्या रोगाचे, काळे डाग उठतात. झाकलेला आंबा साफ निघतो आणि सगळीकडून सारखा पिवळा होतो. उन्हाची तांबूस लाली मात्र चढत नाही. ती आवडणाऱ्यांनी दोन-चार फळं उघडी ठेवावीत. या माशीनं मोठमोठ्यांना घाम फोडलाय. फळमाशी सापडल्यामुळे 1 मे 2014 पासून युरोपीय संघानं आपल्या आंब्याला दार बंद केलं होतं. ते उघडायला 2015 उजाडावं लागलं.

चाळीस फुटी रायवळ आंब्याला पिशव्या बांधायच्या भानगडीत मात्र पडू नका. हाडं मोडून घ्याल. तिथं सापळा टांगा. कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा बागायतदारांच्या ओळखीचा आहे. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाला फक्त नर भुलतात. अंडी घालणारी मादी त्यात येत नाही, म्हणून एकट्या घरानं टांगून फारसं साधत नाही. गल्लीनं मिळून टांगले तर फरक पडतो. कारल्या-दोडक्याच्या वेलावरची माशी निराळी, तिला आमिषही निराळं लागतं. आणि गळलेली फळं झाडाखाली सडू देऊ नका, खतातही टाकू नका. जाड काळ्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवा, अळ्या आतच मरतात.

गेल्या श्रावणात आमच्या झाडाला बत्तीस पिशव्या होत्या. चार पोपटांनी फाडल्या, एक वटवाघळानं देठासकट नेली. उरलेल्या उघडताना वहिनी टोपली घेऊन उभ्या होत्या. आठ पेरू त्यांनी नेले, आणि जाताना रिकाम्या पिशव्याही मागून घेतल्या. त्यांच्या सीताफळाला फळं धरली होती.