काठी आधी, गळ मागून

(गंगाखेड परिसरातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि पंख्याखालच्या चार रांगांत दाटीनं बसलेल्या मंडळींनो, पत्रिकेत विषय छापलाय ‘नदीत उतरून मासेमारी : घ्यावयाची खबरदारी’. मी आयोजकांना म्हणालो होतो, नुसतं ‘काठी’ छापा. ते म्हणाले, सर, लोकांना लाठीचं शिबिर वाटेल.

बरं, इथं गळ किंवा फेकजाळं टाकलेले किती जण आहेत? छान, बरेच हात आहेत. आता घरी सांगून जाणारे किती? बघा, निम्मे हात खाली आले. उरलेल्यांपैकी काहींच्या सौ. मागं बसल्यात, म्हणून ते वर आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की मराठवाड्यातल्या नदीत उतरणाऱ्याच्या हातात गळाच्या आधी काठी पाहिजे. चांगली वेळवाची, आपल्या उंचीपेक्षा वीतभर जास्त. का? कारण आपल्या नदीचा तळ आता आपल्या ओळखीचा राहिलेला नाही. आपल्या आज्यांच्या वेळी प्रत्येक गावाला गंगेचा, म्हणजे आपल्या गोदावरीचा, उतार होता. अमुक खडकापासून तमुक पायरीपर्यंत गुडघ्याएवढं पाणी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ढोरं जायची, बैलगाडी जायची, बाजारकरणी डोक्यावर पाट्या घेऊन जायच्या. १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी धरण पूर्ण झालं. पाणी अडलं, हे सगळे सांगतात. पाण्याबरोबर वरून येणारी वाळूही धरणाच्या जलाशयात, नाथसागरात, अडली, हे कुणी सांगत नाही. पुढं ढालेगाव, मुदगल, दिग्रस, विष्णुपुरी असे बंधारे झाले. म्हणजे खाली जी वाळू शिल्लक होती ती आजोबांनी ठेवलेली ठेव. ती आपण काढून खातोय. केनी, म्हणजे वाळू ओढायचं अवजार, लावून, बोटीवर सक्शन पंप ठेवून, हायवा ट्रक भरून. जिथनं वाळू गेली तिथं दोन-दोन पुरुष खोल खड्डा, आणि वरून पाणी तसंच सपाट, शांत, साळसूद.

आमच्या गावात एक भोईमामा होते. नाव सांगत नाही, त्यांच्या पोरांना आवडायचं नाही. मामांच्या काठीला खाली लोखंडी शेंबी होती. आयुष्य पाण्यात गेलं तरी हा माणूस काठी टेकवल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. आम्ही पोरं चिडवायचो, मामा, गंगेला दिसत नाही का? ते म्हणायचे, “तिला दिसतंय रे, मला दिसत नाही.”

एका एप्रिलात पलीकडच्या गावाला वऱ्हाड जायचं होतं. पुलावरनं गेलं तर मोठा वळसा, म्हणून ठरलं उतारानं जायचं. पुढं मामा, मागं नवरदेव पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन, त्याच्यामागं बँडवाले. ढोलवाल्यानं ढोल डोक्यावर घेतलेला. निम्म्या पात्रात मामा थांबले. काठी मुठीपर्यंत खाली गेली होती. एक पाऊल उजवीकडं सरकून टेकवली, तीच गत. नवरदेवाचा चुलता मागनं ओरडला, “मामा, मुहूर्त चाललाय!” मामांनी मान वळवली नाही. म्हणाले, “मुहूर्त जाऊ द्या, वऱ्हाड नको जाया.”

सगळे माघारी फिरले. लग्न दुपारी लागलं. भात गार, पाहुणे गरम. नवरीचा बाप मामांशी बोलेना झाला. पंधरवड्यानं त्याचीच म्हैस त्या खड्ड्यात गेली, तेव्हा बोलला.

आता हसू नका, पुढं जास्त हसायचं आहे. मी त्या खड्ड्याबद्दल अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. कोणतं ते विचारू नका, मला याच तालुक्यात राहायचंय. तिथल्या साहेबांनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “खड्डा शासकीय आहे की खासगी?” मी म्हणालो, पाण्याखाली पाटी दिसली नाही. पुढच्या खेपेला म्हणाले, पंचनामा लागेल. पंचनाम्याला काठावर आलेल्या माणसानं बूट काढले नाहीत. ‘पाहणी केली असता खड्डा आढळून आला नाही’ असं लिहून, चहा घेऊन गेला. शेवटी पावसाळ्याच्या तोंडावर फलक लागला : ‘सावधान, पाणी खोल आहे’. कुठं लागला? घाटाच्या पायऱ्यांवर! तिथं त्या उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी होतं. पण जीप तिथपर्यंतच जाते ना. दशक्रियेला आलेली मंडळी अजून त्या फलकाच्या सावलीत बसतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरली म्हणतात. म्हणजे छापलेला विषय आता सुरू करायला हरकत नाही.

पाण्यात चालताना तोंड तिरपं प्रवाहाकडं ठेवायचं, काठी वरच्या अंगाला रोवायची. पाय उचलायचे नाहीत, सरकवायचे. एकावर एक टाकायचे नाहीत. काठी आणि दोन पाय, यांतलं एका वेळी एकच हलवायचं. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. त्यात मांडीच्या वर पाणी गेलं की अंग हलकं होतं, पाय धरत नाही. तिथून परत फिरायचं, तेही प्रवाहाकडं तोंड करून. खड्ड्याच्या कडेची वाळू पायाखालनं घसरते. काठी एकदम खाली गेली तर कड शोधत बसू नका. जलपर्णीजवळ तर नकोच, तळही दिसत नाही आणि तिचा तराफा वाहत आला तर माणसाला ढकलून नेतो.

आभाळाकडं बघून पाण्याचा अंदाज बांधू नका. पाऊस नाशकात पडतो, गंगा आपली चढते. पैठणचे २७ दरवाजे बंद असले तरी तिथलं १२ मेगावॅटचं वीजघर सुरू झालं की पात्रात पाणी येतं. पूर्णेवर येलदरी धरणाचं तसंच. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. पेपरात १० हजार क्युसेक वाचाल तेव्हा गुणाकार करा. पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून ठेवा. ती बुडाली, पाणी गढूळलं, काडीकचरा वाहायला लागला, की आधी बाहेर या. मासे नंतर मोजा. बंधाऱ्याच्या अगदी पायथ्याशी मासे मिळतात म्हणून उतरतात लोक. तिथं पडणारं पाणी माणसाला उलटं आत ओढतं, पोहणाऱ्यालाही.

फेकजाळ्याची दोरी मनगटाला फास करून बांधतात, हे मला अजिबात पटत नाही. जाळं खाली झाडाच्या बुंध्यात अडकलं की माणूस त्याला बांधलेला. एका हिसक्यात सुटेल अशी सुरगाठ मारा. लुंगी काठावर ठेवा, हाफपँट घाला. कमरेला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधा. हसतील हसणारे. मोटारीची केबल पाण्यात लोंबत असेल तर ती जागाच सोडा. आणि वीज कडाडली की काठीही नको, गळाचा बांबूही नको, सरळ बाहेर.

वाहत गेलात तर पाठीवर पडा, पाय पुढं, प्रवाहाच्या दिशेला. खोल पाण्यात उभं राहायला जाऊ नका, खडकाच्या बेचक्यात पाय अडकतो. गाळात रुतलात तर मागं टेकून बसा, पाय हळूहळू हलवत काढा. दुसरा बुडत असेल तर उडी नको. काठी, दोरी, धोतर, कॅन, जे हाताला येईल ते फेका. एकाला वाचवायला दुसरा गेला आणि घरात दोन तिरड्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबा, आणि कुणालातरी १०८ लावायला सांगा.

अध्यक्ष घड्याळ बघतायत. प्रश्न चहाला विचारा. दोरी मी बरोबर आणलीय. सुरगाठ बघायची असेल त्यानं पुढं या, आणि कप जरा लांब ठेवा.