दहा रुपयांचं तिकीट

(टेबलावर अल्बम. चिमटा पानाजवळ येतो.)

सांगलीतलं घर, जुना अल्बम, त्यातलं गांधीजींचं पान. स्वातंत्र्याला एक वर्ष झालं त्या दिवशी, १५ ऑगस्ट १९४८ ला, ही चार तिकिटं निघाली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडमधल्या कूर्वाझिए छापखान्याची. प्रत्येकावर 'बापू', हिंदीत आणि उर्दूत.

त्या काळी तिकिटासाठी दहा रुपये मोजणारे थोडेच. म्हणून सेटची बहुतेक किंमत या एका तिकिटात आहे. अख्खा अल्बम ठोक भावात उचलायचा, दहाचं सुटं विकायचं, बाकीची तीन मिळेल त्या भावाला काढायची. याला सेट फोडणं म्हणतात.

आता चिमटा बघा. टोकं चपटी आणि गोलसर, बोट कुठेच लागत नाही. तिकीट पानाला ज्या छोट्या कागदी बिजागरीने चिकटवलंय, ती हिंज. कोरडी हिंज वाकवून अलगद सुटली तर ठीक. ओढली की मागचा पापुद्रा निघतो, उजेडापुढे धरल्यावर तिथे फिकट डाग दिसतो आणि भाव कोसळतो. सुटत नसेल तर तशीच राहू द्यावी. न वापरलेल्या तिकिटाला पाणी लावायचं नाही, गोंद जातो.

(भिंगातून दातेरी कड.)

खरेदी करताना दात मोजतात. दोन सेंटीमीटरमध्ये साडेअकरा भरायला हवेत. मग दातांची टोकं. अस्सल तिकिटाच्या टोकांना कागदाचे मऊ तंतू असतात. मागे नव्याने गोंद चढवला असेल तर तो तंतूंवर येतो आणि टोकं कडक लागतात. असा माल 'हिंज न लागलेला' म्हणून खपवला जातो, त्यामुळे ही तपासणी सोडूच नये.

चारही तिकिटं लावलेला, शिक्का मारलेला लखोटा मात्र कापू नका. कात्री चालली की शिक्का अर्धा होतो, पत्ता जातो, तिकीट कुठून निघालं हेही जातं. सुटा झालेला सेट पुन्हा जुळवायचा, तर तशाच छटेचं आणि तितकंच मधोमध छापलेलं तिकीट सापडायला वर्षं जातात.

(पुन्हा तेच पान.)

तीन तिकिटं जागेवर आहेत. चौथ्या चौकटीत हिंजचा अर्धा तुकडा.