यंत्राच्या अलीकडे आणि पलीकडे

श्रोतेहो, नमस्कार.

प्रयोगशाळा सुधारायची म्हटलं की पहिली मागणी होते ती नव्या यंत्राची. यंत्र लागतंच, त्याबद्दल वाद नाही. पण एखादी साथ उशिरा का कळली हे मागे जाऊन तपासलं, तर दिवस वाया गेलेले दिसतात ते बहुधा यंत्राच्या अलीकडे किंवा पलीकडे. नमुना घेताना, तो नेताना, आणि निकाल हाती आल्यावर तो योग्य माणसापर्यंत पोचवताना. आज बोलायचं आहे ते याच टप्प्यांविषयी.

सुरुवात नमुन्यासोबतच्या फॉर्मपासून करू. त्यात सर्वांत जास्त वेळा कोरा राहणारा आणि सर्वांत मोलाचा रकाना म्हणजे लक्षणं सुरू झाल्याची तारीख. डेंग्यूचं उदाहरण घ्या. ताप आल्यापासून पहिल्या साधारण ५ दिवसांत रक्तात विषाणूचं एनएस-१ हे प्रथिन सापडतं. आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे संसर्गानंतर शरीर सुरुवातीला तयार करतं ती संरक्षक प्रथिनं, भरवशानं दिसू लागतात ती त्यानंतर. तिसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्तावर फक्त आयजीएमची तपासणी केली, तर डेंग्यू असूनही निकाल निगेटिव्ह येऊ शकतो. गोवरातही पुरळ उठल्यानंतरच्या पहिल्या ३ दिवसांत घेतलेल्या नमुन्यात आयजीएम कधीकधी सापडत नाही. प्रयोगशाळेनं काम चोख केलेलं असतं, पण तारीखच नसल्यामुळे त्या निगेटिव्हचा अर्थ कोणालाच लावता येत नाही.

लेबल लावायचं ते नळीवर, झाकणावर कधीही नको. झाकणं निघतात आणि एकमेकांत बदलतात. शाई पाण्यानं न फुटणारी हवी, कारण बर्फाच्या डब्यात ओल येतेच. आणि लेबल रुग्णासमोरच लावायचं. टेबलावर परत येऊन पाच नळ्यांवर पाच नावं आठवून लिहिणं ही अदलाबदलीची हमखास वाट आहे.

आता थंडीविषयी, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. बर्फात ठेवलं की नमुना सुरक्षित, ही समजूत फार नुकसान करते. मेंदूच्या आवरणाच्या दाहाचा, म्हणजे मेनिन्जायटिसचा संशय असेल आणि पाठीच्या कण्यातून पाणी काढलं असेल, तर जिवाणू वाढवून पाहण्यासाठी ते फ्रिजमध्ये ठेवू नका. मेनिंगोकॉकससारखे जिवाणू थंडीत तग धरत नाहीत. नमुना खोलीच्या तापमानात, शक्यतो १ तासाच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. रक्ताच्या कल्चरची, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याची बाटलीही फ्रिजबाहेरच राहते. कॉलऱ्याच्या संशयात शौचाचा नमुना प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्या आणि स्वॅब कॅरी-ब्लेअर माध्यमात, म्हणजे वाटेत जिवाणू जिवंत ठेवणाऱ्या पदार्थात, बुडवा. तोही खोलीच्या तापमानात चालतो. कोरडा स्वॅब मात्र वाटेतच निकामी होतो, कारण सुकला की जिवाणू मरतात.

याच्या उलट, पोलिओसाठीचा शौचाचा नमुना ८ अंश सेल्सियसच्या खालीच हवा. घशाचा स्वॅब विषाणूंसाठी असेल तर काडी प्लॅस्टिकची आणि टोक कृत्रिम तंतूचं घ्या. लाकडी काडी आणि कापूस यांतले घटक पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत, अडथळा आणू शकतात. हा स्वॅब वाहक द्रवात, २ ते ८ अंशांत, साधारण ७२ तास टिकतो. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंश लागतात, साधा उणे २० चा फ्रीझर त्याला पर्याय नाही.

रक्ताच्या नळीची गोष्ट आणखी वेगळी. ती थेट गोठलेल्या आइसपॅकला टेकली तर तांबड्या पेशी फुटतात आणि सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, लालसर होतं. असा नमुना परत मागवावा लागतो, आणि तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. रक्त किमान अर्धा तास उभं ठेवून गोठू द्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, सीरम वेगळ्या नळीत काढा आणि मग २ ते ८ अंशांत ठेवा. कोणता नमुना कोणत्या तापमानाला, याचा एक पानी तक्ता डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवा. भिंतीवरचा तक्ता डब्यासोबत प्रवास करत नाही.

पॅकिंग तीन थरांचं असतं. घट्ट झाकणाची नळी, तिच्याभोवती गळती शोषेल असं साहित्य, मग दुसरा न गळणारा डबा, आणि बाहेर कडक पेटी. फॉर्म नळीला गुंडाळू नका. तो वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत, दुसऱ्या डब्याच्या बाहेर ठेवा. नळी फुटली तर भिजलेला फॉर्म कोणीही हातात घेऊ शकत नाही आणि नमुन्याची ओळखच हरवते.

नमुना प्रयोगशाळेत पोचला तरी वाट पाहणं संपत नाही. एलायझाची, म्हणजे आयजीएमसारखी प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीची, प्लेट ९६ खाचांची असते, आणि ती भरेपर्यंत नमुने साठवायचे अशी सवय पडते. आठवड्याला दहाबारा नमुने येत असतील तर पहिल्या रुग्णाचा निकाल महिनाभर लांबू शकतो. पुष्कळ किटमध्ये ही प्लेट ८ खाचांच्या सुट्या पट्ट्यांची असते. आठवड्यातले ठरावीक वार नेमा, आहेत तेवढेच नमुने कंट्रोलसह, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेल्या नमुन्यांसह, लावा, आणि साथीचा संशय असेल तर त्याच दिवशी लावा. काही खाचा कंट्रोलमध्ये जातात हे खरं. पण महिन्यानं येणारा निकाल साथ रोखायला कामाचाच नसतो.

कंट्रोलवरून आठवलं. कंट्रोल बिघडला की तो पास होईपर्यंत पुन्हापुन्हा लावणं चुकीचं आहे. लेव्ही-जेनिंग्ज आलेख भरा, म्हणजे प्रत्येक फेरीतलं कंट्रोलचं मूल्य सरासरीच्या मध्यरेषेभोवती मांडत जा. मूल्य सरासरीपासून ३ प्रमाण विचलनांच्या (मूल्यं सरासरीभोवती किती पसरतात याचं माप) बाहेर गेलं, तर ती फेरी रद्द. सलग १० मूल्यं मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडली, तर ती मर्यादेत असली तरी काहीतरी सरकलं आहे: किटचा नवा लॉट, पिपेट, किंवा इन्क्युबेटरचं तापमान. आधी कारण शोधा, मग निकाल द्या. बाहेरून येणारे गुणवत्ता-चाचणीचे नमुनेही रोजच्या रांगेत, रोजच्याच हातांनी व्हायला हवेत. सर्वांत अनुभवी तंत्रज्ञाकडून ते दोनदा करून घेतले, तर आपण स्वतःलाच फसवतो.

तपासणी कोणाची करायची, हेही ठरवावं लागतं. समजा, १००० जणांत १० जण खरे आजारी आहेत. चाचणी ९० टक्के आजाऱ्यांना पकडते आणि ९५ टक्के निरोग्यांना बरोबर सोडते. खरे पॉझिटिव्ह निघतील ९ आणि खोटे जवळपास ५०. म्हणून रोग दुर्मीळ असताना, रोगाच्या लक्षणांच्या व्याख्येत न बसणाऱ्यांची सरसकट तपासणी केली की खोट्या इशाऱ्यांचा पूर येतो. उलट, गोवर किंवा कॉलऱ्याची साथ ५ ते १० नमुन्यांनी एकदा पक्की झाली की प्रत्येक रुग्णाचा नमुना घेण्याची गरज नसते. पुढचे रुग्ण लक्षणांच्या व्याख्येवर आणि पक्क्या झालेल्या रुग्णांशी आलेल्या संपर्कावर मोजा, आणि किट पुढच्या संशयासाठी राखून ठेवा.

आता शून्याबद्दल. आठवड्याच्या अहवालात रुग्ण नसतील तर शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका. शून्य म्हणजे पाहिलं आणि सापडलं नाही. रिकामा रकाना म्हणजे पाहिलंच की नाही, ते कळायला मार्ग नाही. पोलिओच्या सर्वेक्षणानं हा प्रश्न फार सुंदर सोडवला आहे. पोलिओ असो वा नसो, इतर कारणांनी अचानक लुळेपणा येणारी मुलं कुठेही असतातच. १५ वर्षांखालच्या दर १ लाख मुलांमागे वर्षाला किमान १ असं मूल नोंदलं गेलंच पाहिजे. तेही सापडलं नाही, तर यंत्रणा झोपलेली आहे असं समजायचं. प्रत्येक मुलाचे शौचाचे दोन नमुने, त्यांत किमान २४ तासांचं अंतर, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत. प्रत्येक नमुना साधारण ८ ग्रॅम.

वेळ मोजायची कशी? २०२१ मध्ये मांडलेलं ७-१-७ हे सूत्र सोपं आहे. उद्रेक सुरू झाल्यापासून ७ दिवसांत ओळखणं, १ दिवसात कळवणं, ७ दिवसांत पहिल्या उपाययोजना पूर्ण करणं. प्रत्येक उद्रेकानंतर या तीन तारखा लिहा आणि जिथे वेळ चुकली तिथे कारण एका ओळीत नोंदवा. गाडी नव्हती, किट संपलं होतं, निकाल ईमेलमध्ये पडून राहिला, जे असेल ते.

पडून राहिलेला निकाल मला फार अस्वस्थ करतो. रुग्णयादी एकीकडे, प्रयोगशाळेची नोंदवही दुसरीकडे, आणि एकाच माणसाचं नाव दोन्हीकडे वेगळ्या पद्धतीनं लिहिलेलं. नमुना घेतानाच एक क्रमांक द्या. तोच यादीत, तोच नळीवर, तोच निकालावर. पॉझिटिव्ह निकाल त्याच दिवशी फोननं कळवा आणि कोणाला, किती वाजता सांगितलं ते नोंदवहीत लिहा. दर आठवड्याला दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून न जुळणाऱ्या ओळी शोधा. आणि नमुना पाठवणाऱ्या प्रत्येक केंद्राला महिन्यातून एकदा एक कागद परत जाऊ द्या: तुमचे इतके नमुने आले, इतके नाकारले, या कारणानं नाकारले, आणि इतक्या फॉर्मवर लक्षणांची तारीख नव्हती.

नमस्कार.