बॅटरी फुल आहे, गाडी उभी आहे, तरी इंजिन का चालू होतंय? (आणि इंजिन अजून मेलेलं का नाही)

नमस्कार मंडळी, सांगलीतनं बोलतोय. बाहेर कुणीतरी ऊस भरलेला ट्रॅक्टर गाणी लावून चाललाय, आवाज आला तर सांभाळून घ्या.

मागच्या हायब्रिडच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी म्हटलं बसूया. प्रश्न असा, "सकाळी गाडी काढली, बॅटरी जवळपास फुल, गाडी पार्किंगमध्येच उभी, तरी इंजिन सुरू झालं, फॉल्ट आहे का?" आमच्या मामांचंही हेच झालं. नवी गाडी, दुसऱ्याच दिवशी शोरूमला नेली, तिथल्या पोरानं सांगितलं "बॅटरी चार्ज करतंय काका." अरे फुल बॅटरी काय चार्ज करतंय? मामा गप घरी आले आणि मला फोन.

बेसिक पटकन सांगतो, सगळ्यांना माहितीच आहे. इंजिन आहे, मोटर आहे, मधे बॅटरी, ब्रेक मारला की थोडी वीज परत येते. झालं. १९९७ मध्ये जपानात टोयोटाची प्रियस ही हायब्रिड गाडी आली तेव्हापासनं हेच चाललंय.

पण एक कमेंट आहे ती वाचून डोकं फिरतं. "मोटर आहे ना, मग इंजिनवर संशोधन कशाला, इंजिन मेलं आता." दादा, तुझ्या गाडीला चार्जिंगची वायर आहे का? नाही ना? मग बॅटरीतली वीज आली कुठनं? पेट्रोलमधनंच की! कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाताना बॅटरी भरते, भारी वाटतं, पण येताना तोच घाट चढायचाय, तिथं हिशोब चुकता होतो. टाकीत टाकलेला प्रत्येक थेंब शेवटी सिलिंडरमध्येच जळणार, मग तो कसा जळतो यालाच सगळी किंमत.

आता हायब्रिडमध्ये इंजिनचं आयुष्य बदलतं म्हणजे काय ते बघा. आमच्या आण्णांचं, म्हणजे आजोबांचं, भिलवडीच्या मळ्यात नदीवर डिझेल इंजिन होतं. हँडल मारलं की एकाच स्पीडला दिवसभर टुकटुकटुक. त्याला सिग्नल नाही, ओव्हरटेक नाही. साध्या कारच्या इंजिनला मात्र तुमच्या पायाच्या तालावर नाचावं लागतं, आणि कुठल्याही इंजिनला एकच ठराविक जागा असते, ठराविक आरपीएम आणि ठराविक लोड, तिथं ते सगळ्यात कमी तेलात काम करतं. हायब्रिडमध्ये कमी-जास्त मोटर सांभाळते, म्हणून इंजिनला बराच वेळ त्या जागेच्या आसपास ठेवता येतं. मग त्या एवढ्या जागेसाठीच इंजिन बनवा की! अ‍ॅटकिन्सन सायकल तीच, कल्पना १८८० च्या दशकातली. आताच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतात, थोडं हवा-पेट्रोलचं मिश्रण परत बाहेर ढकललं जातं, म्हणजे दाबायचं कमी आणि फुगायचं पूर्ण, तेवढ्याच तेलातनं काम जास्त. ताकद कमी पडते, ती मोटर भरून काढते. निसाननं २०२१ मध्ये सांगितलं की फक्त जनरेटर फिरवायच्या इंजिनात ५० टक्के थर्मल एफिशियन्सी, म्हणजे तेलातल्या निम्म्या उष्णतेचं काम, गाठायची दिशा सापडली. चिनी कंपनी बीवायडीनं २०२४ मध्ये ४६.०६ टक्क्यांचा दावा केला. हे आकडे त्या एका जागेचे हां, बाजारपेठेतल्या ट्रॅफिकमधले नव्हेत.

तर इंजिन मळ्यातल्या पंपासारखं झालं, छान. फक्त एक घोळ आहे. आण्णांचं इंजिन दिवसातनं एकदा चालू व्हायचं, हायब्रिडचं विश्रामबागेतनं मिरजेपर्यंत कितीदा बंद-चालू होईल मोजा तुम्ही.

आणि खरी अडचण चालू होण्यातच आहे. आण्णा हँडल मारायचे तेव्हा पहिले चार भकाके काळेकुट्ट, आजी ओरडायची कारण वाळत घातलेली धुणी शेजारीच, आणि पाच मिनिटांनी धूर दिसायचाही नाही. इंजिन तेच, तेल तेच. गार सिलिंडरमध्ये इंधनाची नीट वाफ होत नाही, भिंतीला चिकटतं, अर्धवट जळतं.

पेट्रोल गाडीत धूर दिसत नाही म्हणून आपल्याला वाटतं काही नाही. तिथं सायलेन्सरच्या लाइनमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू निवळणारा डबा, बसलेला असतो, तो साधारण २५०-३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय नीट काम करत नाही. पहिली भाकरी गार तव्याला कशी चिकटते, तसं. आणि हायब्रिडमध्ये तुम्ही दहा मिनिटं मोटरवर गेलात की तवा परत गार! म्हणून मामांची गाडी सकाळी उभ्या उभ्या इंजिन चालू करते. ठिणगी मुद्दाम उशिरा टाकते, म्हणजे उष्णता चाकाकडं न जाता कन्व्हर्टरकडं जाते. बॅटरीचा संबंध नाही. मामा, ऐकताय ना? फॉल्ट नाही.

अजून एक बारकावा, हा मला फार आवडतो. मोटर इंजिनला इंधनाशिवाय फिरवते तेव्हा नुसती हवा कन्व्हर्टरमध्ये जाते, तो ऑक्सिजननं भरून बसतो, आणि पुढच्या स्टार्टला नायट्रोजन ऑक्साईड हे घातक वायू तसेच बाहेर निसटतात. मग क्षणभर पेट्रोल जास्त द्यायचं, ऑक्सिजन संपवायला. किती जास्त, किती वेळ? यावर माणसं वर्षं घालवतात. मोटरचा फायदाही आहे, साध्या स्टार्टरपेक्षा ती इंजिन खूप जोरात फिरवून मगच पेट्रोल सोडू देते. बॅटरीच्या विजेनं कन्व्हर्टर आधीच तापवायचा, हेही चाललंय. आणि प्रीचेंबर, म्हणजे स्पार्कप्लग एका छोट्या कप्प्यात, तिथनं बारीक भोकांतून आगीचे झोत बाहेर, पातळ मिश्रणही, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, झटकन पेटतं. फॉर्म्युला वनवाले वापरतात. पण मिश्रण पातळ केलं की साधा कन्व्हर्टर नायट्रोजन ऑक्साईडला आवरत नाही. परत तिथंच आलो.

आता उसाकडं येतो, नाहीतर सांगलीकर मला सोडणार नाहीत. उसापासनं होणाऱ्या इथेनॉलला ऑक्टेन जास्त, इंजिन नॉक करत नाही, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटत नाही, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबायचं प्रमाण, वाढवता येतं, हायब्रिडच्या इंजिनला हेच पाहिजे. पण लिटरमागं ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, आणि वाफ व्हायला किलोमागं अडीच पट उष्णता लागते. म्हणजे गार स्टार्टला अजून त्रास! ई२० मध्ये, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्यात, पेट्रोल पुष्कळ आहे म्हणून चालून जातं. ई८५, म्हणजे ८५ टक्के इथेनॉल, घालून जानेवारीच्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी, जिथं दव गोठतं, तिथं स्टार्टर मारून बघा. ब्राझीलमध्ये याच्यासाठी गाडीत पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची, पुढं तापवणारे इंजेक्टर आले. २०१९ मध्ये तिथं फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल-इथेनॉल कुठल्याही प्रमाणात चालणारी, हायब्रिड कोरोला आली, आपल्याकडं २०२३ मध्ये इनोव्हाचा तसा प्रोटोटाइप दाखवला. वारंवार बंद होणारं इंजिन आणि वाफ व्हायला आळशी इंधन, ही जोडी जुळवायचं काम आपल्याच इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पोरांनी उचलायला काय हरकत आहे? ऊस दारात आहे.

शेवटची कमेंट वाचतो, कवठेमहांकाळहून आलीय. "सर, आमच्या मळ्यातलं जुनं इंजिन जनरेटरला जोडून हायब्रिड रिक्षा होईल का?" होईल की भावा, तत्त्वानं बरोबर विचार केलायस तू. फक्त आण्णांचं इंजिन बैलगाडीत चढवायला चार माणसं लागायची, ती चार माणसं आणि ते इंजिन रिक्षात बसल्यावर पॅसेंजर कुठं बसवणार ते तेवढं कळव.