खुर्द्याची गणती

मंडळी, आत्ता आपण पाहिलेला ‘द मेसेंजर’ हा २००९ चा अमेरिकी सिनेमा युद्धपटांच्या यादीत घातला जातो, पण त्यात लढाईचं एकही दृश्य नाही. इराक दिसत नाही, रणगाडे दिसत नाहीत, नायकाच्या आठवणीतून अचानक उसळणारे स्फोटही नाहीत. साधी घरं आहेत, अंगणं आहेत, एक किराणा दुकान आहे आणि कडक इस्त्रीच्या गणवेशातली दोन माणसं आहेत. एक इराकमधून जखमी होऊन परतलेला स्टाफ सार्जंट विल माँटगोमरी, दुसरा त्याचा वरिष्ठ कॅप्टन टोनी स्टोन. विलच्या नोकरीचे तीनच महिने उरलेत. त्या तीन महिन्यांसाठी त्याला काम मिळतं ते मारल्या गेलेल्या सैनिकांच्या घरी जाऊन बातमी देण्याचं.

या कामाचे नियम स्टोन त्याला घडाघडा म्हणून दाखवतो. बातमी द्यायची ती नोंदीत नाव असलेल्या जवळच्या नातेवाइकालाच. मैत्रिणीला नाही, शेजाऱ्याला नाही. घोळवून बोलायचं नाही, ‘मारला गेला’ किंवा ‘मरण पावला’ असंच स्पष्ट म्हणायचं. अंगाला हात लावायचा नाही, मिठी तर नाहीच. आणि एक ठरलेलं वाक्य पाठ म्हणायचं, की आपला मुलगा अमुक दिवशी, अमुक ठिकाणी मारला गेला, हे कळवताना होणारं तीव्र दुःख आपल्यापर्यंत पोहोचवण्यास लष्कराच्या सचिवांनी मला सांगितलं आहे.

पहिल्यांदा ऐकताना हे सगळं निर्दय वाटतं. समोर आई कोसळतेय आणि हा ताठ उभा राहून सचिवांचं दुःख कळवतोय! बहुतेक परीक्षणं इथेच थांबतात : नियम विरुद्ध माणुसकी, आणि शेवटी माणुसकीचा विजय. मला हा सिनेमा तसा वाटत नाही. हा नियम कुठून आला ते पाहिलं की चित्र बदलतं. त्यासाठी थोडं मागे जाऊ या, आणि अमेरिकेला पोहोचण्याआधी घरातूनच निघू या.

रणातल्या मृत्यूची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध खबर पानिपतची. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते, वाटेत भेलशाच्या बाजूला एका सावकाराचा जासूद हाती लागला, आणि त्याच्याकडच्या पत्रातून पेशव्यांना कळलं, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. त्या वाक्याचे पाठभेद पुष्कळ आहेत, आशय मात्र एकच. दोन मोत्यें गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोत्यें म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा?

खुर्दा म्हणजे बाकीचे सगळे. त्यांच्या घरी कोण गेलं? कुणी नाही. कित्येक घरांत वर्षानुवर्षं वाट पाहिली गेली असेल, आणि मग कधीतरी कुंकू पुसायचं की नाही यावर भावकीची बैठक बसली असेल. खुद्द भाऊसाहेबांच्याच बाबतीत तोतया उभा राहिला आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसंही निघाली. बातमी नीट पोहोचली नाही की असं होतं. मोत्यांचं हे, तर खुर्द्याची काय कथा.

आता दीडशे वर्षं पुढे, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये या. तिथे एव्हाना गणती होती, पण तीही मोहरा आणि खुर्दा अशी वेगवेगळी. अधिकारी पडला तर घरी तार जायची. साधा शिपाई पडला तर टपालाने एक छापील फॉर्म यायचा, बी १०४-८२ क्रमांकाचा. मजकूर तयार, मोकळ्या जागेत फक्त नाव, क्रमांक, तारीख भरायची. तार पोहोचवायला सायकलवरची पोरं असत. विल्फ्रेड ओवेन हा कवी युद्ध संपायला आठवडा उरला असताना, ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला. त्याच्या आईच्या हातात तार पडली ११ तारखेला, गावात युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत असताना.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तार सगळ्यांसाठी झाली. वेस्टर्न युनियनच्या त्या पिवळट कागदांवरचा मजकूर आठवून पाहा : युद्धमंत्र्यांच्या वतीने तीव्र दुःखाने कळवण्यात येतं की आपला मुलगा... हेच वाक्य साठ वर्षांनंतर स्टोनच्या तोंडी आहे. तारेचा कागद गेला, मजकूर राहिला, आणि तो उभ्या माणसाच्या गळ्यातून येऊ लागला. मला या सिनेमातली सर्वांत विलक्षण गोष्ट ती वाटते. स्टोन बोलत असतो तेव्हा आपण तार ऐकत असतो.

तारेची दहशत आपल्याकडच्या जुन्या लोकांना वेगळी सांगायला नको. ‘तार आली’ एवढ्यावरच घरात रडारड सुरू व्हायची. वाचायचं नंतर, आणि वाचून दाखवायला गावातला शिकलेला माणूस शोधायचा. मग कळायचं की पुतण्या पास झाला. साताऱ्यातल्या अपशिंग्यासारख्या, घरटी फौजी असलेल्या गावांत पोस्टमनच्या चेहऱ्याकडे बायका कशा बघत असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

कागदाच्या जागी माणूस आला तो कसा? एक टोकाचं उदाहरण १९४३ चं आहे. आयोवा राज्यातल्या वॉटरलू गावचे सलिव्हन कुटुंबातले पाच सख्खे भाऊ एकाच युद्धनौकेवर होते. नोव्हेंबर १९४२ मध्ये ती ‘जुनो’ नावाची नौका बुडाली. जानेवारीत त्यांच्या घरी नौदलाची गणवेशातली माणसं आली. बापाने विचारलं, कोणता? उत्तर मिळालं, पाचही. पण ही अपवादाची गोष्ट होती. नियम बदलला तो व्हिएतनामच्या काळात, आणि तो बदलायला एक बाई कारणीभूत झाली.

नोव्हेंबर १९६५. इया ड्रांगच्या खोऱ्यात अमेरिकी सैन्याची पहिली मोठी लढाई झाली, काही दिवसांत दोनशेहून अधिक अमेरिकी जवान मेले. त्यांतल्या अनेकांची कुटुंबं जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंग या छावणीत आणि लगतच्या कोलंबस शहरात राहत होती. इतक्या मोठ्या संख्येची तयारीच नव्हती. म्हणून तारा टॅक्सीवाल्यांच्या हाती देण्यात आल्या. पिवळी टॅक्सी येणार, ड्रायव्हर पत्ता विचारत दार वाजवणार, वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या हातात कागद ठेवून निघून जाणार. तिथे लढणाऱ्या एका तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल हॅल मूर. त्यांची पत्नी ज्युलिया मूर तारांच्या मागोमाग त्या घरांत जाऊ लागली, अंत्यविधींना उभी राहू लागली, आणि तिने वरपर्यंत तक्रार लावून धरली. थोड्याच काळात लष्कराने टॅक्सी बंद केली. एक अधिकारी आणि एक धर्मोपदेशक, गणवेशात, स्वतः घरी जाऊन सांगतील अशी पद्धत सुरू झाली. हुद्द्याचाही विचार झाला : सांगायला जाणारा मृतापेक्षा खालच्या हुद्द्याचा नसावा.

आता स्टोनचे नियम पुन्हा वाचा. प्रत्येक नियमामागे कुणाच्या तरी घरी झालेला घोटाळा उभा दिसतो. स्पष्ट बोलायचं, कारण घोळवलेल्या वाक्यातून माणूस आशेची फट शोधतोच. नोंदीतल्याच माणसाला सांगायचं, कारण आईला शेजारणीकडून कळता कामा नये. आजही आघाडीवर कुणी मेलं की त्या तळाचा इंटरनेट आणि फोन घरी खबर पोहोचेपर्यंत बंद केला जातो, तेही याचसाठी. आणि या सिनेमात ज्यांच्या दारावर थाप पडते त्यांतलं एकही घर मोत्यांचं नाही. सगळा खुर्दा आहे. त्या प्रत्येकासाठी छातीवर पदकं लावलेली दोन माणसं गाडी काढून येतात, पूर्ण नाव उच्चारतात. या ताठपणाला मी तरी निर्दय म्हणू शकत नाही.

दिग्दर्शक ओरेन मूव्हरमन मूळचा इस्रायली, स्वतः सैन्यात राहिलेला. दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच सिनेमा; पटकथा त्याने अलेस्सांद्रो कामोनबरोबर लिहिली, आणि तिला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. ऑस्करला मात्र मूळ पटकथेचं पारितोषिक त्या वर्षी ‘द हर्ट लॉकर’ने नेलं, म्हणजे इराकवरच्याच, पण प्रत्यक्ष रणातल्या सिनेमाने. खबर देण्याच्या प्रसंगांसाठी मूव्हरमनने एक युक्ती केली. नातेवाइकांचं काम करणाऱ्या नटांना आणि वुडी हॅरेलसन (स्टोन) आणि बेन फॉस्टर (विल) या जोडीला त्याने चित्रीकरणाआधी भेटू दिलं नाही. दार उघडल्यावरच समोरासमोर. कॅमेरा हातात, शक्यतो सलग चित्रण. त्यामुळे दोघांच्या चेहऱ्यावर ‘आता हा माणूस काय करेल’ ही जी धास्ती दिसते, ती बरीचशी खरी आहे.

आणि माणसं खरंच काहीही करतात. स्टीव्ह बुशेमीने केलेला बाप विलवर थुंकतो, तू तिकडे का नाहीस, तू का नाही मेलास, असं विचारतो. एका घरात बातमीबरोबरच बापाला कळतं की आपल्या मुलीने त्या सैनिकाशी गुपचूप लग्न केलं होतं. म्हणजे जावई मिळाला आणि गेला, एकाच वाक्यात. एका स्पॅनिश बोलणाऱ्या बापाला दुभाष्यामार्फत सांगावं लागतं, आणि दुभाषा बोलत असताना आपलं काम झालेल्या त्या दोघांना नुसतं उभं राहण्यापलीकडे काही उरत नाही. मला हे दृश्य बुशेमीच्या दृश्याहून जड वाटलं. तिथे राग आहे, रागाला तोंड देता येतं.

आणि ऑलिव्हिया. सामंथा मॉर्टन. ती अंगणात कपडे वाळत घालत असते. हे दोघे येताना पाहूनच तिला कळतं. सगळं ऐकून घेते, हस्तांदोलन करते आणि म्हणते, तुम्हालाही हे सोपं जात नसणार. स्टोनला तिचा संशय येतो : दोरीवर पुरुषाचा शर्ट होता, नवरा तर इराकमध्ये, म्हणजे कुणीतरी आहे. आपणही क्षणभर त्याच्या बाजूने विचार करतो की नाही? नंतर ती विलला त्या शर्टाची गोष्ट सांगते. तो नवऱ्याचाच होता. कपाटातून खाली पडला, त्याला भीतीचा आणि संतापाचा वास येत होता, नवरा गेल्या काही काळात जो झाला होता त्याचा वास, म्हणून तिने तो धुतला. म्हणजे तिच्या घरी खबर येण्याच्या कितीतरी आधी नवरा जायला लागला होता, आणि त्या जाण्याची खबर द्यायला कुणी गणवेशवाला येत नाही.

विल आणि ऑलिव्हियाचं पुढे जे होतं त्याबद्दल दोन मतं आहेत. मला त्यातला स्वयंपाकघरातला तो लांबच लांब, एकाच सलग दृश्यातला प्रसंग फार आवडतो, कारण ते जवळ येतात आणि थांबतात. पण विलच्या आधीच्या प्रेयसीच्या लग्नात दोघांनी पिऊन घातलेला धिंगाणा मला सैल वाटला. शेवटच्या भागात सिनेमा दारांपासून लांब जातो आणि दोन पुरुषांच्या मैत्रीची ओळखीची कथा होऊ लागतो. मासेमारी, दारू, मारामारी. यातलं काहीही दुसऱ्या कुठल्या अमेरिकी सिनेमातून उचलून इथे ठेवता आलं असतं.

आणखी एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की यात इराकी माणूस कुठेच नाही. खरं आहे. अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार सैनिक त्या युद्धात गेले, प्रत्येकाच्या घरी कुणीतरी गेलं. इराकी मृत्यूंचे अंदाज लाखांत आहेत आणि त्यांवर अजून वाद चालू आहे. अमेरिकी सेनापती टॉमी फ्रँक्स २००२ मध्ये अफगाणिस्तानात म्हणाले होते, आम्ही मृतदेह मोजत नाही. खुर्द्याची गणती नाही, ती आजही, फक्त खुर्दा कुणाचा हे बदललं. पण हा दोष मी सिनेमाच्या माथी मारणार नाही. त्याने एक उंबरठा निवडला आणि तो सोडला नाही. शिवाय त्या काळी अमेरिकेत स्वतःच्या शवपेट्या पाहणंसुद्धा सोपं नव्हतं. डोव्हरच्या हवाई तळावर येणाऱ्या पेट्यांची छायाचित्रं घ्यायला १९९१ पासून मनाई होती. ती उठली २००९ च्या फेब्रुवारीत, हा सिनेमा सनडान्स चित्रपट महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला त्याच्या पुढच्या महिन्यात. आपल्याकडे उलट घडलं. १९९९ पूर्वी बहुतेकदा अंत्यसंस्कार आघाडीजवळच उरकत. कारगिलच्या वेळी तिरंग्यात गुंडाळलेली पार्थिवं गावोगावी पोहोचली, कॅमेरे आणि पुढारीही पोहोचले. घरच्यांना दार लावून रडायची सोय राहिली का, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यासमोर आहे.

शेवटचं, स्टोनबद्दल. आखाती युद्धात जाऊन आलेला, पण ज्याच्यावर खरी गोळी कधी चाललीच नाही असा हा माणूस. विलसारख्या खऱ्या लढवय्याचा त्याला हेवाही आहे. दारू सोडलेली, पुन्हा धरलेली. शेकडो घरांत तो न रडता उभा राहिला. मग एका पहाटे विल त्याला आपली लढाई सांगतो, डोळ्यांसमोर मेलेल्या मित्राबद्दल सांगतो, आणि दवाखान्याच्या गच्चीवरून स्वतःला झोकून द्यायला निघालो होतो तेही सांगतो. ते ऐकून स्टोन ढसाढसा रडतो. त्याच्याकडे पहिल्यांदाच कुणीतरी खबर घेऊन आलं होतं, आणि ती ठरलेल्या वाक्यात नव्हती. हॅरेलसनला ऑस्करचं नामांकन मिळालं. या एका रडण्यासाठी मी ते देईन, धिंगाण्याच्या प्रसंगासाठी नाही. तुमच्यापैकी काहींना तो प्रसंग आवडला असेल, मघाशी हशा ऐकू येत होता. तर बोला, तिथूनच प्रश्नांना सुरुवात करू.