तोर्ड्याची तिकोनी बिल्डिंग आणि तिच्यामागचं ऑफिस

गोव्यात पर्वरीहून आत तोर्ड्याला वळलात की साल्वादोर द मुंदमध्ये एका ठिकाणी रस्ता फुटतो, आणि मधे जे बेट उरतं ना, चारी बाजूंनी गाड्या पळतायत असं, त्याच्यावर ही तिकोनी बिल्डिंग उभी आहे. जहाजासारखी. दुसरा कोणी असता तर इथं हायमास्टचा उंच दिवा लावून मोकळा झाला असता, इथं म्युझियम आहे, 'हाऊसेस ऑफ गोवा'. आत जुन्या गोंयकार घरांची दारं, खिडक्या, शिंपल्यांची तावदानं, आणि आपली घरं अशी का झाली त्याची सगळी गोष्ट. आर्किटेक्ट जेरार्ड दा कुन्हा.

म्युझियम तुम्ही जाऊन बघा, तिकीट काढून. आज बोलायचंय ते जेरार्डच्या ऑफिसबद्दल, 'आर्किटेक्चर ऑटोनॉमस'. कारण गोव्यात आर्किटेक्टची ऑफिसं गल्लोगल्ली आहेत, पण इथल्या मातीतलं काम करणारं ऑफिस तयार कसं होतं, तिथला मेन माणूस नक्की काय शिकलेला असतो, हे कोणी सांगत नाही.

जेरार्ड शिकले दिल्लीला, स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये. पण खरी शाळा केरळात, लॉरी बेकरांकडे. बेकर म्हणजे बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला आणि पुढे तिरुअनंतपुरमला स्थायिक झालेला माणूस, स्वस्तात चांगलं घर बांधायचं हाच ध्यास. त्यांचा फिलर स्लॅब घ्या. स्लॅब वाकतो तेव्हा खालच्या बाजूला ताण येतो, तो सगळा लोखंड घेतं, तिथलं काँक्रीट नुसतं वजन वाढवत बसलेलं असतं. मग तिथं जुनी कौलं घाला, सिमेंट वाचतं, वजन उतरतं आणि खालून बघायलाही छान. ही अक्कल टेबलावर बसून येत नाही, गवंड्याबरोबर उन्हात उभं राहावं लागतं, आणि बेकर तेच करायचे, साइटवर, मिळेल त्या कागदावर ड्रॉइंग काढून.

ते डोकं घेऊन माणूस गोव्यात आला आणि हातात आला चिरा, म्हणजे आपला जांभा दगड.

चिऱ्याबद्दल थोडं सांगतोच, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, पूर्वी हातानं कापायचे, आता मशीन. वारा लागला की हळूहळू कडक होतो. पण अंगभर भोकं, पाणी पितो, आणि आपल्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास. म्हणून जुन्या घराचं जोतं उंच, वळचण लांब, पावसाळ्यात भिंतीला माडाच्या पानांचे झाप, आणि गिलावा चुन्याचा. चुना भिंतीतलं पाणी बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा मारलात की ओल आतच अडकते आणि मग दरवर्षी पोपडे, दरवर्षी पेंट, दरवर्षी त्या पेंटवाल्याला शिव्या. आमच्या आजोबांच्या वेळच्या मेस्तांना, म्हणजे गवंड्यांना, हे ठाऊक होतं, कोणी लिहून ठेवलं नाही एवढंच. चांगला आर्किटेक्ट या मेस्ताचं ऐकतो आणि त्यात इंजिनियरिंग घालतो, माझ्या मते एक्सपर्टाइज म्हणतात ते हेच.

आता गंमत बघा. हेच ऑफिस बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला प्रोतिमा बेदींचं नृत्यग्राम बांधतं, तेव्हा तिथं चिरा नेत नाही. तिथला दगड, तिथली माती. म्हणजे गोव्याचा 'लुक' कुठंही चिकटवायचा धंदा नाही हा. आज आसगाव, शिवोलीला दिल्ली-मुंबईवाल्यांसाठी जे व्हिला उठतायत ना, बाहेर सोपो (बसायचा व्हरांडा), वर मंगळुरी कौलं, आणि कौलांखाली पक्का स्लॅब, त्या सोप्यावर बसणारं कोणी नाही कारण मालक वर्षातून दोनदा येतो. त्याला गोवन स्टाईल म्हणतात ब्रोशरमध्ये. असो.

पणजीसमोर मांडवीपलीकडे रेइश मागुशचा किल्ला दिसतो. पोर्तुगीजांनी 1551 ला बांधला, पुढे तुरुंग झाला, 1993 नंतर तोही बंद आणि किल्ला पडायला लागला. मग हेलन हॅमलिन ट्रस्ट, वारसा जपणारी इंटॅक संस्था आणि गोवा सरकार एकत्र आले, आर्किटेक्ट जेरार्ड, आणि 2012 ला तो लोकांसाठी उघडला. आत व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या चित्रांची गॅलरी पण आहे. मारियोंची चित्रं गोळा करून जपायचं कामही जेरार्डनीच केलंय, आर्किटेक्टचं ते काम नाही खरं तर, पण गावाची आठवण सांभाळायची म्हटल्यावर कुठलं काम आपलं आणि कुठलं नाही ते कोण ठरवणार.

अशा ऑफिसातून माणसं बाहेर पडतात तेही बघायला पाहिजे. डीन डिक्रूझ, काही काळ जेरार्डबरोबर होते, मग स्वतःचं काम, आज 'मोझेक'. हडफड्याच्या डोंगरावरचं निलया हर्मिटेज त्यांचं. पण गोव्यातल्या पुष्कळांना ते हॉटेलमुळे माहीत नाहीत, रीजनल प्लॅनमुळे आहेत, म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा सरकारी आराखडा. 2006 ला रीजनल प्लॅन 2011 आला, डोंगर आणि शेतं बिल्डिंगसाठी मोकळी करणारा, लोक रस्त्यावर उतरले, गोवा बचाव अभियान झालं आणि 2007 ला सरकारला तो रद्द करावा लागला. त्यानंतर 2021 चा प्लॅन करायला जी माणसं बसली त्यात आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांबरोबर डीनपण होते. नकाशे पंचायतींकडे गेले, गावानं बघून सांगायचं होतं शेत कुठं, झर कुठं. पुढं त्या प्लॅनचं राजकारण झालं, ती वेगळी रडकथा. तरी आर्किटेक्टनं क्लायंटचं घर सोडून अख्ख्या गावाच्या जमिनीसाठी डोकं लावणं, मला तरी लीडरशिप ही वाटते, अवॉर्डचं कपाट नाही.

कोरियांचं नाव आलं म्हणजे त्यांनी डिझाइन केलेली कला अकादमी आलीच. कांपाल, मांडवीचा काठ, आणि दीनानाथ मंगेशकर कलामंदिर जिथं आपली नाट्यस्पर्धा बघत कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. बिल्डिंग नदीकडे तोंड करून, उंच न होता पसरलेली, मधून वारा जातो. 2023 ला दुरुस्ती चालू असताना ओपन एअर स्टेजवरचा स्लॅब कोसळला. कोणाची चूक त्यात मी पडत नाही. पण बांधायला जेवढं ज्ञान लागतं तेवढंच दुरुस्त करायला लागतं हे रेइश मागुश बघितल्यावर कळतं, आणि तसं शिकलेले हात किती उरलेत हा प्रश्न आहेच. आल्तिनोला आर्किटेक्चर कॉलेज आहे, पोरं हुशार आहेत, सॉफ्टवेअर फाडफाड चालवतात, पण चुन्याचा गिलावा करणारा मेस्त शोधायला गेलात तर तीन गावं फिरावं लागतं.

म्हणून पुढच्या व्हिडिओत चिऱ्याच्या खाणीवर आणि एका चुना मळणाऱ्या मेस्ताकडे जाऊया. मे महिन्याच्या आत शूट उरकायचंय, एकदा पाऊस लागला की खाण भरते आणि मग कॅमेऱ्याला नुसतं पाणीच मिळतं.